ब्लूटूथ हेडफोनचा आवाज तुटतो? आधी घरचं वायफाय तपासा

हेडफोन चांगले, चार्जिंग पूर्ण, फोन हाताच्या अंतरावर, तरी गाणं मध्येच पाव सेकंद गायब होतं. संध्याकाळी सगळे घरी आले की त्रास वाढतो, पहाटे जवळजवळ नसतोच. तुमच्याकडे असं होत असेल तर नवे हेडफोन घेऊन फरक पडण्याची शक्यता कमी. दोष बहुतेक वेळा घरातल्या वायफायच्या मांडणीत असतो आणि पैसे न खर्चता दुरुस्त होतो. त्यासाठी एक गोष्ट मनात पक्की करावी लागते: वायफाय किती जोरात बोलतं याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ते हवेत किती वेळ बोलत राहतं हे ब्लूटूथसाठी महत्त्वाचं असतं.

सेटिंगला हात लावण्याआधी नेमकं काय तुटतंय ते बघा. ऑनलाइन गाणं ऐकत असाल तर आवाज थांबतो त्या क्षणी स्क्रीनकडे नजर टाका. प्लेअरची पट्टीही थांबली आणि गोल फिरायला लागलं, तर इंटरनेट अडकलंय, ब्लूटूथचा काही संबंध नाही. पट्टी पुढे सरकतेय आणि कानात मात्र शांतता, तर फोन आणि हेडफोन यांच्यामध्ये तुटतंय. सतत बारीक 'सूं' किंवा खरखर असेल तर ते तिसरंच काहीतरी. ब्लूटूथ डिजिटल आहे, पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, एक तर पोहोचतं किंवा पोहोचत नाही. अडथळा आला की आवाज तुटतो, अडखळतो, खरखरत नाही. ती 'सूं' हेडफोनच्या आतल्या ॲम्प्लिफायरची किंवा नॉइज कॅन्सलिंगची असते, आणि त्यासाठी राउटर उलटापालटा करण्यात अर्थ नाही.

मग फोनमध्ये डाउनलोड केलेलं गाणं लावा, फ्लाइट मोड चालू करा आणि फक्त ब्लूटूथ पुन्हा सुरू करा. ज्या खोलीत त्रास होतो तिथेच बसून ऐका. तुटणं थांबलं तर फोनचं स्वतःचं वायफाय आडवं येत होतं. नाही थांबलं तर राउटरमध्ये जाऊन फक्त २.४ गिगाहर्ट्झचा बँड (वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी एक, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा) दहा मिनिटं बंद ठेवा. आता थांबलं तर कारण तुमच्याच घरात आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. तरीही थांबलं नाही, तर शेजारचं वायफाय, यूएसबी किंवा खिसा यांपैकी काहीतरी.

खिशाचं कारण लोक हसण्यावारी नेतात, पण ते खरं आहे. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यात शोषल्या जातात. फोन डाव्या मागच्या खिशात आणि अँटेना उजव्या कपात असेल तर सिग्नलला अख्खं शरीर पार करावं लागतं. घरात तो भिंतींवर आपटून वळसा घालून तरी पोहोचतो. मोकळ्या गच्चीवर परतवायला भिंतीच नसतात. म्हणून गच्चीत, जिथे वायफाय क्षीण असतं, तिथेही आवाज तुटत असेल तर आधी खिसा बदलून बघा. इअरबड्समध्ये एकाच कानाचा आवाज जात असेल तर दोन बड्समधला किंवा त्या बडपर्यंतचा दुवा डोक्यामुळे अडतोय. राउटरला त्यात दोष देऊ नका.

आता मुळाशी जाऊ. ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्ट्यात राहतात, २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. भारतात हा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे स्मार्ट बल्ब, प्लग, कॅमेरे, वायरलेस माउस सगळे इथेच दाटीवाटीने बसलेत. हेडफोनचं ब्लूटूथ या पट्ट्याचे एकेक मेगाहर्ट्झचे ७९ चॅनल करतं आणि सेकंदाला १६०० वेळांपर्यंत उड्या मारत एका चॅनलवरून दुसऱ्यावर जातं. वायफाय असं करत नाही. ते एका जागी ठाण मांडतं आणि कमीत कमी २० मेगाहर्ट्झ रुंदी व्यापतं. २००३ च्या ब्लूटूथ १.२ पासून एक चांगली सोय आली: कुठल्या चॅनलवर पॅकेट मार खातात हे ब्लूटूथ शिकतं आणि ते चॅनल टाळतं. पण नियमानुसार किमान २० चॅनल हाताशी ठेवावेच लागतात. एकच २० मेगाहर्ट्झचं वायफाय असेल तर पन्नासहून अधिक चॅनल मोकळे राहतात, कानाला काही कळतही नाही. तेच वायफाय ४० मेगाहर्ट्झवर असेल तर अर्धा पट्टा गेला. त्यात शेजारची दोन जोरकस वायफाय आली की ब्लूटूथला पळायला जागा उरत नाही.

एखादं पॅकेट बुडालं म्हणून लगेच आवाज तुटत नाही. हेडफोन सेकंदाच्या एक-दोन दशांशाइतका आवाज साठवून ठेवतात आणि तेवढ्या वेळात बुडालेलं पॅकेट पुन्हा मागवतात. म्हणूनच 'गेमिंग मोड' किंवा 'लो लेटन्सी' चालू असेल तर तोच हेडफोन जास्त तुटतो, कारण उशीर कमी करायला हा साठाच छोटा केलेला असतो. गाणी ऐकताना तो मोड बंद ठेवा.

हवेतल्या वेळेचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. गॅलरीतला एक वायफाय कॅमेरा घ्या, जो सतत सुमारे २ एमबीपीएस चित्र पाठवतो. राउटरजवळ असेल तर तो ६५ एमबीपीएसच्या वेगाने बोलतो, म्हणजे हवेतला साधारण ३ टक्के वेळ घेतो. तोच कॅमेरा दोन नऊ-इंची भिंतींपलीकडे असेल तर वेग ६.५ एमबीपीएसपर्यंत उतरतो आणि तेवढ्याच चित्राला ३० टक्क्यांहून जास्त वेळ लागतो. पुन्हा पाठवलेली पॅकेट वेगळीच. कॅमेऱ्याचं चित्र मोबाइलवर नीट दिसत असतं, त्यामुळे कुणाला त्याचा संशयही येत नाही. हेडफोनच्या तक्रारीत मी पहिली शंका अशा लांबच्या, सतत बोलणाऱ्या उपकरणावरच घेतो. कॅमेऱ्याला लॅनचं पोर्ट असेल तर वायर ओढा. नसेल तर राउटर किंवा मेशचा (घरभर वायफाय पसरवणाऱ्या जोडडब्यांचा) एक डबा त्याच्या जवळ आणा, नाहीतर ॲपमध्ये 'सतत रेकॉर्डिंग'ऐवजी 'हालचाल झाल्यावर' निवडा. मेमरी कार्डवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा तुम्ही बघत नसताना फारसं काही पाठवत नाही, तो सोडून द्या.

दुसरा हिशेब वायफायच्या नावांचा. प्रत्येक वायफाय नाव दर १०२.४ मिलिसेकंदांनी 'मी इथे आहे' अशी हाळी देतं. तिला बीकन म्हणतात. ही हाळी साधारण ३०० बाइटची असते आणि '११बी' या वायफायच्या जुन्या पिढीतल्या उपकरणांसाठी बरेच राउटर ती १ एमबीपीएसच्या वेगाने देतात. ३०० बाइट म्हणजे २४०० बिट, म्हणजे जवळपास अडीच मिलिसेकंद. एका नावामागे अडीच टक्के हवा गेली, कुणी काही वापरत नसतानाही! घरचं मुख्य नाव, पाहुण्यांसाठी वेगळं, बल्बसाठी आणखी एक, शिवाय त्याच चॅनलवर शेजारची दोन, एवढ्यानेच बारा टक्के झाले. म्हणून वापरात नसलेलं गेस्ट नेटवर्क बंद करा आणि २.४ च्या मोडमध्ये 'बी/जी/एन'ऐवजी 'जी/एन' ठेवा. मग हाळी बहुतेक राउटरवर ६ एमबीपीएसने जाते आणि तिचा वेळ कितीतरी कमी होतो. एखादा फार जुना प्रिंटर यानंतर जोडला जाणार नाही, एवढी एक किंमत आहे.

राउटरच्या पानावर जायचा पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो. बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१, जिओफायबरच्या डब्यावर १९२.१६८.२९.१. आत गेल्यावर सगळ्यात आधी 'बँड स्टीअरिंग' किंवा 'स्मार्ट कनेक्ट' बंद करा आणि २.४ व ५ गिगाहर्ट्झला वेगवेगळी नावं द्या. दोन्हींना एकच नाव असलं की फोन आणि टीव्ही कुठल्या बँडवर बसलेत ते कळत नाही, आणि लांबच्या खोलीत ते गुपचूप २.४ वर उतरतात. नावं वेगळी झाल्यावर फोन, लॅपटॉप, टॅब, टीव्ही ५ वर न्या आणि त्यांच्यातून २.४ चं नाव 'फरगेट' करा. हे दुसरं पाऊल विसरलं तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं, कारण फोनला जुनं नाव आठवत असतं. बल्ब, प्लग, गीझरचा स्विच यांना ५ चालत नाही. ते २.४ वर राहू द्या, त्यांचं बोलणं अगदी थोडं असतं.

टीव्हीला शक्य असेल तर लॅन केबलच लावा. ४के सिनेमा म्हणजे दोन तास अखंड १५-२५ एमबीपीएस, आणि हे २.४ वर चालू असेल तर त्याच हॉलमध्ये ब्लूटूथ हेडफोन लावून बसणं अवघड. पुष्कळ टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण सिनेमाला तेवढं भरपूर झालं. साधी कॅट-५ई केबल पुरते.

मग चॅनलची रुंदी. २.४ साठी '२०/४० ऑटो' असेल ते काढून २० करा. यावर दुमत असायचं कारण नाही. वेग हवा असेल त्याच्यासाठी ५ आहेच. चॅनल 'ऑटो'वरून काढून पक्का करा, कारण राउटरने चॅनल बदलला की ब्लूटूथला टाळायचे चॅनल नव्याने शिकावे लागतात आणि तेवढा वेळ आवाज अडखळतो.

कुठला चॅनल, याचं उत्तर मात्र नेहमीपेक्षा वेगळं आहे. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझरसारखं ॲप लावून आजूबाजूला कोण कुठे आहे ते बघा. वायफायचा वेग वाढवायचा असता तर १, ६, ११ पैकी सर्वांत मोकळा चॅनल घ्या असं कुणीही सांगेल. पण आपण जड काम ५ वर नेलंय आणि २.४ वर फक्त बल्ब-प्लग उरलेत. अशा वेळी शेजाऱ्यांच्याच चॅनलवर जाऊन बसणं शहाणपणाचं. समजा शेजारी १ आणि ६ वर आहेत. तुम्ही ११ घेतला तर पट्ट्यातला शेवटचा मोकळा भागही गेला. तुम्ही १ घेतला तर बल्बला काही फरक पडत नाही आणि २४५० च्या वरचा सगळा भाग हेडफोनला मिळतो. ३ किंवा ८ असे मधले चॅनल कधीच घेऊ नका, ते दोन्हीकडची जागा अडवतात. १३ सुद्धा नको. तो २४८२ पर्यंत जातो आणि ब्लूटूथचा वरचा आसराच बुजवतो. ५ गिगाहर्ट्झवर हा प्रश्न नाही, तिथे ३६ किंवा १४९ ठेवून मोकळे व्हा.

राउटरची जागा बदलणं फुकट आहे आणि तरी कुणी करत नाही. फायबरवाला जिथे वायर काढून देतो तिथेच डबा वर्षानुवर्षं राहतो, बरेचदा अभ्यासाच्या टेबलावर, लॅपटॉपला चिकटून. राउटर साधारण १०० मिलिवॅटने बोलतो आणि बहुतेक हेडफोन दोन-चार मिलिवॅटने. इतक्या जवळ असलेल्या राउटरमुळे हेडफोनचा रिसीव्हर बधिर होतो, मग चॅनल वेगळा असला तरी उपयोग नाही. अंतर ३० सेंटिमीटरवरून ३ मीटर केलं की कानापाशी पोहोचणारी त्याची शक्ती शंभर पटींनी कमी होते. भिंतीवर, डोक्याच्या वर, बसायच्या जागेपासून दोन-तीन मीटरवर लावा. टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नका, तिथे ५ गिगाहर्ट्झ मरतं आणि सगळी उपकरणं परत २.४ कडे वळतात.

लॅपटॉपचं दुखणं थोडं निराळं. त्यात वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर, बरेचदा एकाच अँटेनावर असतात आणि २.४ वर असताना आळीपाळीने बोलतात. मोठी फाइल उतरत असताना ब्लूटूथच्या वाट्याला कमी वेळ येतो. लॅपटॉप ५ वर गेला की ही आळीपाळी जवळजवळ संपते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा, 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'प्रिफर्ड बँड' सापडेल, तिथे ५ गिगाहर्ट्झ निवडा. मॅकवर ऑप्शन बटण दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सध्याचा चॅनल आणि रुंदी दिसते. फोनच्या हॉटस्पॉटलाही हेच लागू: आयफोनवर 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू असेल तर हॉटस्पॉट २.४ वर जातो आणि त्याच फोनला जोडलेले हेडफोन तुटायला लागतात.

मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम टेलिफोनसारखा चपटा होतो, तो अडथळा नाही. माइक चालू झाल्यावर ब्लूटूथ संगीताचा मार्ग सोडून फोनकॉलच्या मार्गावर जातं. इनपुटला लॅपटॉपचा माइक निवडा, आउटपुटला हेडफोन, आवाज परत भरदार होईल.

यूएसबी ३ हा मात्र खरा छुपा शत्रू. त्याच्या ५ गिगाबिटच्या सिग्नलमधून जो गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झमध्येही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. वायफाय एका जागी असतं म्हणून ब्लूटूथ त्याला चुकवू शकतं; हा गोंगाट संपूर्ण पट्ट्यावर एकसारखा असतो, उडी मारून जायचं कुठे? लक्षण अगदी ठळक: पोर्टेबल हार्डडिस्कवर फाइल कॉपी होत असतानाच आवाज तुटतो, डिस्क काढली की ठीक. यूएसबी-सी हब आणि डॉक हेच करतात, विशेषतः कवच नसलेले स्वस्तातले. डिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा, तिची केबल चांगल्या शील्डिंगची आणि आखूड घ्या. हेडफोन किंवा माउसचा डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) यूएसबी २ च्या पोर्टला, तेही एक मीटरच्या यूएसबी २ एक्स्टेंशन वायरने टेबलावर आणा. डेस्कटॉपला तर हे करायलाच हवं, कारण मागच्या बाजूला डोंगल लावला की पत्र्याचा कॅबिनेट मध्ये येतो. राउटरच्या पाठीला हार्डडिस्क लावली असेल तर तीही तपासा. केबलवर अडकवायचे फेराइटचे मणी या कामाला येत नाहीत, ते बऱ्याच खालच्या फ्रिक्वेन्सीसाठी असतात. घेऊ नका.

मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि दाराच्या फटीतून थोडं गळतंच. तो चालू असताना ओट्यापासून दोन मीटर दूर उभं राहा. दाराची पट्टी सैल झाली असेल तर दुरुस्त करून घ्या, हेडफोनसाठी नाही तर स्वतःसाठी.

आवाजाचा कोडेकही, म्हणजे आवाज आटवून पाठवायची पद्धतही, बघून घ्या; एलडॅक, एसबीसी, एएसी हे असेच कोडेक. एलडॅक ९९० केबीपीएसवर असेल तर फोनचा दोन तृतीयांशाहून जास्त वेळ पाठवण्यातच जातो. दोन मेगाबिटच्या मोडमध्ये ब्लूटूथचा प्रत्यक्ष वेग जास्तीत जास्त १४४८ केबीपीएस, म्हणजे बुडालेलं पॅकेट पुन्हा पाठवायला फारशी सवड उरत नाही. साध्या एसबीसीला ३२८ केबीपीएस लागतात, त्याला भरपूर सवड मिळते. गर्दीच्या इमारतीत एलडॅक ६६० वर आणा किंवा ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये हेडफोनच्या नावापुढच्या चक्रावर जाऊन ते बंदच करा. न तुटणारा एएसी मला अडखळणाऱ्या एलडॅकपेक्षा केव्हाही चांगला वाटतो. आणि खोक्यावर 'ब्लूटूथ ५.३' लिहिलंय म्हणून हा प्रश्न सुटत नाही. नेहमीचं संगीत अजूनही जुन्याच क्लासिक रेडिओवरून जातं, पाचव्या आवृत्तीतली लांब पल्ल्याची सोय त्याला लागू नाही.

आवाज ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा तुटत असेल तर फोन सतत नवं वायफाय शोधतोय. अँड्रॉइडमध्ये 'लोकेशन'च्या आत 'वायफाय स्कॅनिंग' आणि 'ब्लूटूथ स्कॅनिंग' असतं, दोन्ही बंद करा. हेडफोन एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेले असतील तर तपासणीपुरतं एक तोडा.

शेवटी टीव्हीच्या हेडफोनबद्दल, कारण घरातल्या आजी-आजोबांसाठी ते हमखास घेतले जातात. काही जण अमेरिकेतून नातेवाइकांकडून ९०० मेगाहर्ट्झचे आरएफ हेडफोन मागवतात, वायफायचा त्रास नको म्हणून. तिकडे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ मोकळं आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ हा मोबाइल कंपन्यांचा परवान्याचा पट्टा आहे, त्यामुळे तो ट्रान्समीटर इथे चालवणं बेकायदा ठरतं आणि जवळच्या मोबाइलमुळे त्यात गुरगुर ऐकू येते ती वेगळीच. त्यापेक्षा टीव्हीच्या ऑप्टिकल पोर्टला ब्लूटूथ ट्रान्समीटर लावा, तो टीव्हीच्या मागे न लपवता लांब वायरने पुढे, बघणाऱ्याच्या नजरेसमोर ठेवा, आणि फायबरचा डबा त्याच युनिटवर असेल तर निदान दोन मीटर बाजूला हलवा.